हवा तो शब्द दिसतो तेव्हा: शेक्सपिअरची ‘सावळी स्त्री’

बीबीसीने २००५ साली ‘अ वेस्ट ऑफ शेम’ नावाचा दूरचित्रपट दाखवला होता. पटकथा कादंबरीकार विल्यम बॉइडची, शेक्सपिअर झालाय रूपर्ट ग्रेव्हज. शेक्सपिअरने आपली प्रेमाची सुनीतं कुणासाठी लिहिली, या कोड्याचं त्यात सरळ उत्तर आहे. देखणा तरुण म्हणजे विल्यम हर्बर्ट आणि ‘सावळी स्त्री’ म्हणजे लुसी नावाची वेश्या (भूमिका इंदिरा वर्माची). बघताना सगळं पटतं. मलाही पटलं.

आता मूळ साधन काय आहे ते बघा. १६०९ मध्ये थॉमस थॉर्पने १५४ सुनीतं छापली. अर्पणपत्रिकेत ‘मिस्टर डब्ल्यू. एच.’ एवढंच. विल्यम हर्बर्ट त्यात बसतो. अक्षरं उलटी केली की हेन्री रायथस्ली, म्हणजे साउदॅम्प्टनचा अर्लसुद्धा बसतो! पहिली १२६ सुनीतं तरुणाची आणि त्यानंतरची स्त्रीची, ही वाटणीसुद्धा कवीने कुठे लिहून ठेवलेली नाही. ती रूढ झाली एडमंड मलोनच्या १७८०च्या आवृत्तीपासून. त्या स्त्रीचं नाव तर एकाही सुनीतात नाही.

नाटककाराने ही रिकामी जागा भरली, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार आहे ए. एल. राउझ या इतिहासकाराबद्दल. १९७३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कोडं सुटलं, ती स्त्री म्हणजे एमिलिया लॅनिअर. आधार होता ज्योतिषी-वैद्य सायमन फोरमनच्या नोंदवह्यांचा. त्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. १५९७ मध्ये एमिलिया त्याच्याकडे भविष्य विचारायला गेली होती. ती दरबारी वादकांच्या इटालियन घराण्यातली आणि लॉर्ड हन्सडनची एके काळची प्रेयसी. हाच हन्सडन पुढे शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचा आश्रयदाता झाला. आणि फोरमनने लिहिलेलं, की तरुणपणी ती फार ‘ब्राऊन’ होती. सावळी! अजून काय हवं?

पण तो शब्द ‘ब्राऊन’ नव्हताच. स्टॅन्ली वेल्स यांनी दाखवून दिलं की तो ‘ब्रेव्ह’ आहे, आणि त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ झगमगीत, थाटामाटाची. तिच्या नवऱ्याचं नाव राउझ यांनी विल्यम समजून त्यावरही मुद्दा रचला होता. तो निघाला अल्फोन्सो. राउझ यांनी वाचन सुधारलं, पण दावा काही सोडला नाही.

राउझ हे एलिझाबेथन काळाचे नावाजलेले अभ्यासक होते, नवशिके नव्हेत. सावळी बाई शोधत ते कागदाकडे गेले आणि कागदात त्यांना सावळी बाई दिसली. हसू नका. मोडीत शब्द न तोडता लिहितात. एका पत्रात मला हवं असलेलं एका बाईचं नाव दिसलं आणि मी त्यावर दोन पानं लिहून मोकळी झाले. मार्गदर्शकांनी तीच ओळ दुसऱ्या जागी तोडून वाचली, आणि बाई गायब. तेव्हापासून लिप्यंतर करताना विषय माहीत नसलेल्या मैत्रिणीकडून एकदा वाचून घेते. संशयित शब्दाचा फोटो प्रकरणाच्या फाइलमध्येच ठेवते.

एमिलियाचं काय? तिने १६११ मध्ये स्वतःच्या नावाने कवितांचं पुस्तक छापलं होतं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये बाईने असं करणं फार दुर्मीळ. राउझ यांनी १९७८ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केलं, ‘शेक्सपिअरच्या सावळ्या स्त्रीच्या कविता’ या शीर्षकाखाली. आज ते पुस्तक तिचं म्हणून अभ्यासलं जातं, आणि त्यासाठी तिला शेक्सपिअरची कुणी असावं लागत नाही.