सगळ्यात जोरात पळणारा संघच का हरतो? ऑलिंपिकमधली पुरुषांची ४ बाय १०० मीटर रिले समजून घ्या

९ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४ बाय १०० मीटर रिलेची अंतिम फेरी. अमेरिकेकडे २०० मीटरचा रौप्यपदक विजेता केनी बेडनारेक होता, १०० मीटरचा कांस्यपदक विजेता फ्रेड केर्ली होता. १०० मीटरचं सुवर्ण जिंकलेला नोआ लायल्स कोविड झाल्यामुळे बाहेर बसला, तरी कागदावर हाच संघ भारी. पण पहिल्या बदलातच घोटाळा झाला. बेडनारेक लवकर निघाला, मागून येणाऱ्या क्रिश्चन कोलमनचा हात त्याच्यापर्यंत पोचेना. बेडनारेकला जवळजवळ थांबावं लागलं. शर्यत तर गेलीच, वर संघ बादही झाला.

सुवर्ण गेलं कॅनडाला, वेळ ३७.५० सेकंद. आरोन ब्राऊन, जेरोम ब्लेक, ब्रेंडन रॉडनी आणि आंद्रे डी ग्रास. आता गंमत बघा, या चौघांपैकी एकही जण त्या ऑलिंपिकमध्ये १०० किंवा २०० मीटरच्या वैयक्तिक अंतिम फेरीत पोचला नव्हता. मोबाईलवर हा व्हिडिओ पाहून गावातल्या पोरांनी विचारलं, असं कसं होतं? म्हणून हा लेख.

शर्यत कशी असते

मैदानाची एक फेरी ४०० मीटरची. चौघांनी ती वाटून पळायची आणि हातातली बॅटन एकाने दुसऱ्याकडे द्यायची. बॅटन म्हणजे गुळगुळीत पोकळ नळी, लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे साधारण फूटभर. वजन किमान ५० ग्रॅम. प्रत्येक संघाने शेवटपर्यंत आपल्याच लेनमध्ये राहायचं. हातमोजे घालायचे नाहीत, पकड घट्ट व्हावी म्हणून हाताला काही लावायचं नाही.

बॅटन देण्यासाठी ३० मीटरचा पट्टा आखलेला असतो. पूर्वी तो २० मीटरचा होता आणि त्याच्या मागे पळायला सुरुवात करण्यासाठी वेगळे १० मीटर मिळायचे. आता दोन्ही एकत्र केले आहेत. या ३० मीटरच्या आतच बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात पूर्ण गेली पाहिजे. पंच पळणाऱ्याचे पाय बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. पट्ट्याच्या अलीकडे घेणाऱ्याचा नुसता हात लागला तरी संघ बाद. २०१६ ला रिओमध्ये अमेरिका तिसरी आली होती, पोरं आनंद करत होती, तेवढ्यात निकाल बदलला. जस्टिन गॅटलिनचा हात बॅटनला पट्ट्याच्या आधीच लागला होता.

बॅटन पडली तर लगेच बाद होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची, दुसऱ्याला आडवं न जाता आणि अंतर कमी न करता. पण १०० मीटरच्या खेळात वाकून उचलेपर्यंत बाकीचे पार पोचलेले असतात.

खरा खेळ बदलाचा

जागतिक विक्रम जमैकाचा आहे, ३६.८४ सेकंद, लंडन ऑलिंपिक २०१२. नेस्टा कार्टर, मायकेल फ्रेटर, योहान ब्लेक आणि उसेन बोल्ट. याला चारने भागा, एकेकाच्या वाट्याला ९.२१ सेकंद येतात. आणि खुद्द बोल्टचा १०० मीटरचा जागतिक विक्रम आहे ९.५८! मग चौघे त्याच्यापेक्षा जोरात पळाले का? तसं नाही. वैयक्तिक शर्यतीत जाग्यावरून उठून वेग पकडायला वेळ जातो. रिलेत तसं फक्त पहिल्यालाच करावं लागतं. बाकीचे तिघे बॅटन हातात येण्याआधीच पळायला लागलेले असतात.

हे चालत्या एसटीत चढण्यासारखं आहे. गाडी हळू असली तर वेळ वाया, फार जोरात असली तर हात सुटला. घेणारा धावपटू ट्रॅकवर पावलं मोजून चिकटपट्टीची खूण लावतो. मागचा गडी त्या खुणेवर आला की हा सुटतो, आणि परत मागे वळून बघत नाही. हात मागे करायचा, बॅटन हातात येणार यावर भरवसा ठेवायचा. मी शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत तिसऱ्या नंबरला पळालो होतो. भरवसा नव्हता, मागे बघितलं, तोल गेला आणि बॅटन बांधावर. तेव्हापासून बदल बघताना माझ्या पोटात गोळा येतो.

बॅटन हातातल्या हातात बदलत नाहीत, त्यात वेळ जातो. पहिला उजव्या हातात धरतो आणि वळणाच्या आतल्या कडेने पळतो, दुसरा डाव्या हातात घेतो, तिसरा उजव्या, चौथा डाव्या. त्यामुळे वळणावर कोण चांगला पळतो, सरळ पट्टीवर कोण, ब्लॉकमधून कोण झटकन उठतो, हे बघून क्रम लावतात.

जपानने यावर फार मेहनत घेतली. त्यांचे धावपटू बॅटन खालून वर देतात, म्हणजे घेणाऱ्याला हात फार उंच मागे न्यावा लागत नाही, पळण्याची लय मोडत नाही. रिओत त्यांनी ३७.६० सेकंदांत रौप्य मिळवलं. तोपर्यंत एकाही जपानी धावपटूने १०० मीटर १० सेकंदांच्या आत पूर्ण केलं नव्हतं! पण पुढच्या ऑलिंपिकला, घरच्या टोकियोत, अंतिम फेरीत पहिलाच बदल चुकला आणि त्यांची शर्यत तिथेच संपली. तिथे इटली ३७.५० सेकंदांत जिंकली, ब्रिटन फक्त एका शतांश सेकंदाने मागे.

एकाची चूक, चौघांचं पदक

ब्रिटनचं ते रौप्यही नंतर गेलं. सी. जे. उजा उत्तेजक चाचणीत सापडला, कॅनडा दुसरा झाला आणि चीन तिसरा. लंडनमधलं अमेरिकेचं रौप्य टायसन गेमुळे गेलं. सगळ्यात मोठा फटका जमैकाला बसला. २००८ ला बीजिंगमध्ये ते ३७.१० सेकंदांत जिंकले होते. कार्टरचा नमुना पुन्हा तपासला, बंदी असलेला पदार्थ मिळाला आणि जानेवारी २०१७ मध्ये सुवर्ण काढून घेतलं. बोल्टची ऑलिंपिक सुवर्णं नऊवरून आठ झाली. सुवर्ण त्रिनिदाद आणि टोबॅगोला मिळालं, ब्राझीलला कांस्य. इतक्या वर्षांनी मिळालेल्या पदकाला मैदानातल्या टाळ्या कुठून आणायच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

थोडा इतिहास

ऑलिंपिकमध्ये ही शर्यत १९१२ ला स्टॉकहोममध्ये सुरू झाली आणि ब्रिटन जिंकलं. बदलातला घोळ तेव्हापासूनच आहे, जर्मनीचा संघ त्याच अंतिम फेरीत बाद झाला होता. १९२० ते १९५६ अमेरिकेने एकदाही सुवर्ण सोडलं नाही. त्यात १९३६ चं बर्लिन वेगळं. हिटलरच्या राजवटीत झालेल्या त्या स्पर्धेत अमेरिकेने मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोन ज्यू धावपटूंना ऐनवेळी रिलेतून काढलं. त्यांच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ पळाले. ओवेन्सचं ते चौथं सुवर्ण. ते दोघे बसून राहिले. १९६० ला रोममध्ये अमेरिका पहिली येऊनही बाद झाली आणि सुवर्ण जर्मनीला गेलं. पुरुषांच्या या शर्यतीत अमेरिकेचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण २००० सालचं, सिडनीचं.

आपण कुठे आहोत

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताने ३८.८९ सेकंदांत कांस्य जिंकलं होतं. हा राष्ट्रीय विक्रम जवळजवळ १५ वर्षं टिकला. एप्रिल २०२५ मध्ये चंदीगडला गुरिंदरवीर सिंग, अनिमेष कुजूर, मणिकांत होबळीधर आणि अमलान बोरगोहेन यांनी ३८.६९ सेकंद नोंदवून तो मोडला. पॅरिसमध्ये कांस्य ३७.६१ ला गेलं होतं, म्हणजे फरक एक सेकंदाच्या थोडा वर. १०० मीटरच्या रिलेत एक सेकंद म्हणजे दहा-अकरा मीटर. ते भरून काढायला पायातला वेगही वाढायला हवा आणि तिन्ही बदलांतली वेळही वाचायला हवी. पुढचं ऑलिंपिक २०२८ ला लॉस एंजेलिसला आहे.