नदीवर उभी असलेली चॉकलेटची गिरणी

पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीकाठी न्वाझिएल नावाचं गाव आहे. तिथे चक्क नदीपात्रात, दगडी खांबांवर एक गिरणी उभी आहे. मेनिए कंपनीची, चॉकलेटची! वास्तुकार ज्यूल सोनिए, साल १८७२. भिंतीवर तिरक्या लोखंडी पट्ट्यांची जाळी दिसते ना, ती नुसती नक्षी नाही. इमारतीचा भार ती पेलते. रंगीत विटा फक्त मधली जागा भरतात. खाली पाण्याच्या जोरावर टर्बाइन फिरायची, वर कोको दळला जायचा.

१८७४ पासून कामगारांसाठी घरं बांधली गेली. विटांची, बागेसकट. त्या काळात हे थोडं नव्हतं. पण घरमालक कंपनीच, आणि १८७१ ते १९५९ गावचा मेयरही मेनिए घराण्यातलाच. म्हणजे गळक्या छपराची तक्रार घेऊन कुठेही गेलात, तरी समोर तेच आडनाव.