हिवाळ्यात ऊबही हवी आणि हवाही : श्वसनाच्या विषाणूंपासून घर कसे सांभाळावे?

थंडी वाढली की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "गार वारा लागला, म्हणून आजारी पडला." मग खिडकी बंद होते, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या जातात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात आणि त्यातला एक रात्रभर खोकत असतो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे दरवर्षी पाहतो. वारा बाहेर अडतो, पण आजार आत कोंडला जातो.

कारण काय?

सर्दी, फ्लू, कोविड आणि तान्ह्या बाळांना गाठणारा आरएसव्ही हे आजार विषाणूंमुळे होतात, केवळ थंडीमुळे नाही. मात्र थंडी त्यांना मदत करते. गार, कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त वेळ टिकतो आणि नाकाची त्याला अडवण्याची ताकद कमी होते. त्यात आपण बंद खोलीत दाटीवाटीने बसतो. भारतात फ्लू पावसाळ्यातही वाढतो आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळातही. म्हणून या सवयी बाराही महिने हव्यात.

ऊब कशी राखावी?

- एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. कानटोपी आणि मोजे विसरू नयेत.
- तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, बाळाचे नाक-तोंड मात्र मोकळे ठेवावे.
- कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.
- शेकोटीत प्लास्टिक किंवा टायर जाळू नयेत. धुराने फुप्फुसे आधीच दुबळी झाली तर साधा संसर्गही जड जातो.

कोणत्या सवयी लावाव्यात?

- दुपारी ऊन असताना दार-खिडकी उघडून हवा खेळती ठेवावी. रात्रीही थोडी फट असू द्यावी.
- खोकताना, शिंकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरावे. साबणाने २० सेकंद हात धुवावेत.
- आजारी माणसाने मास्क लावावा, खिडकीजवळ झोपावे. त्याचा टॉवेल वेगळा असावा.
- गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.
- अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत.

दवाखाना कधी गाठावा?

बाळ शांत असताना एका मिनिटात किती वेळा श्वास घेते ते मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास लागत असतील तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, झटके येणे, ओठ निळे पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी १०८ ला फोन करावा. काही भागांत आजही बाळाच्या पोटावर चटके दिले जातात. त्याने जखम होते, आजार जात नाही आणि उपचाराचा मोलाचा वेळ वाया जातो.

तरुणांनी काय करावे?

"ताप असेल तर घरी बसा" हे सांगणे सोपे आहे. रोजंदारीवरच्या बाईसाठी एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. त्यामुळे केवळ उपदेश पुरणार नाही. आजारी घरात दोन दिवसांचा डबा पोहोचवणे, एकट्या आजीची रोज चौकशी करणे, आशाताईंना वेळीच कळवणे आणि अभ्यासिकेच्या खिडक्या उघड्या ठेवणे एवढे आपल्या हातात नक्कीच आहे. सुरुवात आपल्याच गल्लीपासून करूया.