घरच्या बागेतला गुलाब : जुन्नर-आंबेगावसाठी जाती, निवड आणि निगा

गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. फारसीत 'गुलाब' हा शब्द मुळात गुलाबपाण्यासाठी होता. उर्दूत आणि मराठीत तो फुलाचंच नाव होऊन बसला. गुल आणि कंद, म्हणजे साखर, मिळून गुलकंद झाला. शादीचा सेहरा, मेहमानांवर शिंपडायचं गुलाबपाणी, रमजानमधलं सरबत, काही घरांत कबरीवर टाकायच्या पाकळ्या, अशा सगळ्या वेळी आपल्याकडे गुलाब लागतो. तो बहुतेक बाजारातून येतो. अंगणात किंवा गच्चीवर चार-पाच झाडं असली तर यातलं बरंच घरचं होऊ शकतं.

मात्र नर्सरीत फुलाचा रंग पाहून आणलेलं रोप अनेकांकडे वर्षभरात मरतं, नाहीतर 'जंगली' होतं. म्हणून जात निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात : गुलाब कशासाठी हवा आणि आपलं गाव तालुक्याच्या कोणत्या बाजूला आहे.

कशासाठी कोणती जात?

खाण्यासाठी आणि सुगंधासाठी : देशी गुलाब. याला दमास्क गुलाब म्हणतात. कनौजचं अत्तर आणि गुलाबपाणी याच फुलाचं. फूल लहान, गुलाबी, पाकळी पातळ आणि वास गोड. मुख्य बहर थंडी सरताना येतो, वर्षभर फुलं मिळत नाहीत. 'एडवर्ड' हा दुसरा गुलाबी सुगंधी प्रकार जास्त वेळा फुलतो आणि गुलकंदाला चालतो. आपल्याकडे 'गावठी गुलाब' या नावाने वेगवेगळी झाडं विकली जातात, म्हणून नावावर न जाता फुलाचा वास घेऊन खात्री करा.

वास आणि भरपूर फुलं : 'ग्रुस आन टेप्लिट्झ'. 1897 सालची ही युरोपातली लाल जात भारतात चांगली रुळली. काटक आहे, कापसारखी फुलं झुबक्याने येतात, नव्या माणसाने इथून सुरुवात करावी. हिच्यापासूनच डॉ. बी. पी. पाल यांनी 'रोझ शरबत' ही गडद गुलाबी सुगंधी जात काढली. पाल हे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक आणि गुलाबांचे मोठे पैदासकार होते.

मोठं, देखणं फूल : हायब्रिड टी गट. एका दांड्यावर साधारण एक मोठं फूल येतं. 'ग्लॅडिएटर' (1955) लाल आणि जोमदार. 'पापा मेयां' (1963) काळसर लाल, वास जबरदस्त, पण भुरी लवकर पडते. 'डबल डिलाइट' (1977) मलईरंगी पाकळीला लाल कडा आणि सुगंध. 'पीस' (1945) पिवळा, कडेला गुलाबी.

कुंपण आणि सजावट : 'आइसबर्ग' (1958) पांढरा, झुपक्याने फुलणारा. 'क्वीन एलिझाबेथ' (1954) गुलाबी, उंच वाढणारा, वास कमी.

फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा गुलाब घरी लावायला शोधू नका. आपल्याच जिल्ह्यात मावळच्या पॉलिहाऊसमध्ये होणाऱ्या या जाती दांडा लांब आणि फूल जास्त दिवस टिकणारं मिळावं म्हणून काढलेल्या असतात. वास बहुधा नसतोच आणि उघड्यावर त्या रोगाला लवकर बळी पडतात.

पश्चिम की पूर्व?

नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूला पाऊस धो-धो पडतो. तिथे पानावर काळे ठिपके आणि मुळकूज हे मोठे शत्रू. गादीवाफा उंच करा, नाहीतर कुंडीत लावून पावसाळ्यात पागोळीपासून दूर, पण उजेडात ठेवा. दाट पाकळ्यांची फुलं सततच्या पावसात कळीतच सडतात, म्हणून देशी आणि ग्रुस बऱ्या.

बेल्हे, आळेफाटा, पारगावच्या बाजूला पाऊस कमी, काळी किंवा चुनखडीची जमीन. काळ्या मातीत पाणी तुंबतं, तिच्यात शेणखत आणि वाळू मिसळा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर बहुधा लोहाची कमतरता असते, चुनखडीत हे नेहमी होतं. भरपूर कंपोस्ट आणि चिमूटभर हिराकस देऊन पाहा.

जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचरच्या पट्ट्यात हिवाळ्याच्या थंड रात्री मिळतात. डिसेंबर ते फेब्रुवारीतलं फूल इथे रंगाने आणि आकाराने सर्वांत चांगलं येतं.

रोप घेताना

बहुतेक हायब्रिड रोपं डोळा भरून केलेली असतात : खाली जंगली गुलाबाचं मूळ, वर हवी ती जात. जोडाच्या खालून फुटलेला कोंब जंगली असतो आणि वरच्या जातीचं अन्न तोच खातो. झाड जंगली होतं ते यामुळे. असा कोंब दिसला की मुळापासून ओढून काढा, वरून कापला तर पुन्हा फुटतो. रोप घेताना जोड पक्का आणि फांद्या दोन-तीन जाड आहेत ना ते पाहा. मुळाशी चिकण मातीचा घट्ट गोळा असेल तर तो पाण्यात हलकेच मोकळा करून मगच लावा.

लावणी, पाणी, खत

दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. जमिनीत दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. कुंडी 12 इंचांची. माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरा. जोड मातीच्या वर राहू द्या.

पाणी बुंध्याला आणि सकाळी द्या, पानांवर नको. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत वुजूचं पाणी बादलीत धरून कुंडीला घालता येतं. त्यात साबण नसतो, झाडाला काही होत नाही.

हाडांचा चुरा गुलाबाला चांगला. पण बकरी ईदनंतर कच्ची हाडं किंवा रक्त कुंडीत पुरू नका. वास सुटतो, कुत्री उकरतात, आणि हाड कुजायला फार वेळ लागतो. नर्सरीतला तयार चुरा मूठभर पुरे. चहाची पूड टाकायची तर धुऊन, साखर निघून गेल्यावर.

छाटणी

नारायणगावचा द्राक्षवाला ऑक्टोबरमध्ये कात्री हातात घेतो, गुलाबाचंही तेच वेळापत्रक ठेवा. पाऊस ओसरला की हायब्रिडची वाळकी, रोगट, आत वळलेली फांदी काढा आणि उरलेल्या निम्म्यावर आणा. बाहेरच्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या, जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांनी फुलं येतात. देशी गुलाबाचा मुख्य बहर सरल्यावरच त्याची हलकी छाटणी करा.

औषध आणि खायच्या पाकळ्या

मावा, फुलकिडे, लाल कोळी यांच्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग पाच टक्के निंबोळी अर्क. काळ्या ठिपक्यांची पानं तोडून लांब टाका, झाडाखाली पडू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. ज्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदात, सरबतात किंवा खिरीत जाणार आहेत, त्यावर रासायनिक औषध कधीच मारू नका. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात मुरतात, पाकळ्या धुऊन ती जात नाहीत. हार, गुच्छ किंवा सेहऱ्यातून उरलेली बाजारची फुलंही खाण्यात घेऊ नका. मुलं आणि गरोदर बायका असलेल्या घरात तर मुळीच नाही. नवीन आणलेल्या रोपावर नर्सरीत काय मारलंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून पहिल्या वर्षीची फुलं फक्त वासासाठी ठेवा. खायचं झाड वेगळ्या कोपऱ्यात लावा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

अशा पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनाने घ्या, काचेच्या कोरड्या बरणीत थरावर थर द्या, दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा आणि अधूनमधून कोरड्या चमच्याने हलवा. गुलकंद झाला. मधुमेह असलेल्यांनी मात्र जपून, त्यात निम्मी साखरच आहे.

जुनं झाड वाचवा

दादीच्या काळातलं सुगंधी झाड अजून एखाद्या जुन्या घराच्या परसात असतं. घर पाडून नवीन बांधताना तेच आधी जातं, आणि ती जात नर्सरीत मिळेलच असं नाही. बांधकामाआधी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे काढा. खालची पानं काढून ओलसर वाळू-मातीत तिरके खोचा आणि सावलीत ठेवा. पावसाळा सरताना किंवा थंडीत दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. देशी आणि ग्रुस कलमाशिवाय अशाच लागतात, आणि स्वतःच्या मुळावर असल्यामुळे जंगली कोंबाची भीती राहत नाही.

आम्ही शाळेत मुलांना सांगतो तेच इथेही सांगतो : दहा तुकडे लावा, त्यातले चार जगले तरी एक आपल्याला, एक शेजाऱ्याला, एक बहिणीच्या सासरी आणि एक शाळेच्या बागेला पुरतो.