लाल निशाणवाला

परवा रस्ता ओलांडताना आईने सवयीने हात वर केला. समोरच्या रिक्षावाल्याने नुसती मान हलवली, आणि आम्ही पलीकडे! चालकच नसलेल्या गाड्या आल्या की ही मान कोण हलवणार, हा विचार तेव्हापासून डोक्यात घोळतोय.

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १८६५ साली ब्रिटनमध्ये रस्त्यावर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी कायदा झाला. वेग गावात ताशी २ मैल, बाहेर ४ मैल. आणि इंजिनाच्या ६० यार्ड पुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालणार! या कायद्याची आजवर भरपूर टिंगल झाली. पण त्या निशाणवाल्याचं काम बघा. घोडेवाल्यांना तो सावध करी, आणि घोडा बुजतोय असं दिसलं तर मागे वळून इंजिन थांबवायची खूणही करी. म्हणजे निरोप दोन्हीकडे जात होता.

१८९६ मध्ये हलक्या गाड्यांपुढचा हा माणूस गेला आणि गाडीवर घंटा किंवा तसंच काही वाजणारं साधन सक्तीचं झालं. घंटा सांगते, ऐकत नाही. ती उणीव चालकाच्या डोळ्यांनी भरून काढली, इतकंच.

आता ते डोळेही जायचे आहेत. २०१५ मध्ये मर्सिडीजने दाखवलेली प्रायोगिक गाडी लेझरने रस्त्यावर झेब्रा पट्टे उमटवत होती. २०१६ मध्ये सेमकॉन या स्वीडिश कंपनीने गाडीला पुढून चक्क हसायला लावलं! कल्पना गोड आहेत, पण अंध माणसाला त्या हसण्याचा काय उपयोग? आणि एका गाडीने 'या' म्हटलं तरी शेजारच्या लेनमधली थांबेल कशावरून? सेन्सरला आईचा हात ओळखता येईलही, पण त्याने तो ओळखला हे आईला कळायला हवं ना...

सगळ्यात गमतीचा प्रयोग फोर्ड आणि व्हर्जिनिया टेकचा. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेत आर्लिंग्टनच्या रस्त्यांवर गाडी फिरवली. काचेवर दिव्यांची पट्टी. दिवे इकडून तिकडे सरकले की 'मी थांबतेय', भराभर लुकलुकले की 'निघतेय'. गाडी विनाचालक वाटावी म्हणून चालकाला सीटच्या कव्हरचा वेष चढवला होता! एका वाहिनीच्या बातमीदाराने खिडकीशी जाऊन आतल्या खुर्चीलाच प्रश्न विचारले. खुर्ची काही बोलली नाही.