‘टच ऑफ ईव्हिल’ : मूळ पाठाचा प्रश्न

हस्तलिखितांच्या अभ्यासकास मूळ पाठाचा प्रश्न नवा नाही. चित्रपटाच्या बाबतीत तो किती बिकट होतो, हे ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या रहस्यपटाच्या इतिहासावरून दिसून येते.

वेल्स यांनी युनिव्हर्सल या हॉलिवूडमधील संस्थेसाठी १९५७ च्या पूर्वार्धात हा चित्रपट चित्रित केला. पुढे संकलन त्यांच्या हातून गेले. संस्थेने दृश्यांची फेरमांडणी केली आणि कथानक सुबोध व्हावे म्हणून हॅरी केलर यांच्याकडून काही दृश्ये नव्याने चित्रित करविली. ही प्रत पाहून वेल्स यांनी ५ डिसेंबर १९५७ रोजी स्टुडिओचे प्रमुख एडवर्ड मूल यांना ५८ पृष्ठांचे टिपण पाठविले. तथापि त्यातील बहुतेक सूचना दुर्लक्षित राहिल्या. १९५८ साली सुमारे दीड तासाची प्रत, दुहेरी खेळातील दुय्यम चित्रपट म्हणून, अमेरिकेत प्रदर्शित झाली.

१९७० नंतरच्या दशकात १०८ मिनिटांची एक प्रत उजेडात आली. तीत वेल्स यांची अधिक दृश्ये होती, तशीच केलर यांचीही होती. अर्थात अधिक लांबी म्हणजे अधिक शुद्ध पाठ, हे अनुमान येथे टिकत नाही. अखेर १९९८ साली वॉल्टर मर्च यांनी टिपणाच्या आधारे नवे संकलन केले. सुप्रसिद्ध आरंभीच्या दीर्घ दृश्यावरील श्रेयनामावली व हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत त्यांनी काढले. त्या जागी रस्त्यावरून व मद्यगृहांतून येणारे ध्वनी योजिले.

या तिसऱ्या प्रतीस ‘मूळ चित्रपट’ म्हणण्याचा मोह होतो; परंतु तो आवरला पाहिजे. टिपण हे वेल्स यांच्या संपूर्ण कल्पनेचे चित्र नव्हे. संस्थेने सिद्ध केलेली प्रत समोर ठेवून, तिच्यात जे सुधारून घेणे शक्य वाटले तेवढेच त्यांनी त्यात मागितले आहे. मागणाऱ्याने आपली मागणी आधीच आवरती घेतली असेल, तर त्या कागदावरून त्याचा मूळ हेतू पूर्णतः सिद्ध होत नाही.

१९९८ ची प्रत मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु तिला मूळ मानल्यास १९५७ साली झालेली हानी भरून निघाली असे ठरते, आणि त्या हानीचा इतिहासच पुसला जातो. यास्तव तिन्ही प्रती आणि टिपण ही चार स्वतंत्र साधने समजूनच अभ्यासकाने पुढे जाणे युक्त होय.