घोड्यातील स्नायुविकार व बिघडलेले वर्तन (बारामती–इंदापूर परिसर)

श्रमानंतर घोड्याच्या कमरेचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू ताठ होऊन त्यांचे तंतू तुटू लागतात. या विकारास श्रमजन्य स्नायुविघटन म्हणतात. त्याने पीडित जनावर अडते, लाथा झाडते, तंग आवळताना चावायला येते आणि मग खोडील ठरते. बारामती व इंदापूर हे तालुके जुन्या भीमथडी मुलखातले. येथल्या काटक भीमथडी घोड्यांनी मराठ्यांच्या घोडदळाला बळ दिले. त्यामुळे या भागात घोड्याची पारख करणारी माणसे आजही भेटतात. तरीही अडलेल्या घोड्याला आधी चाबूक दाखवला जातो आणि त्याच्या स्नायूंकडे लक्ष उशिरा जाते.

लक्षणे : काम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मागचे पाऊल आखूड पडू लागते. घाम फुटतो, नाकपुड्या फुलतात, घोडा जागीच खिळतो. पुठ्ठ्यावर तळहात दाबल्यास मांस लाकडासारखे कठीण लागते आणि घोडा अंग चोरतो. तीव्र झटक्यात लघवी तांबूस ते कॉफीच्या रंगाची होते. तुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन तीतून बाहेर पडत असते व ते मूत्रपिंडाला घातक ठरते. पोटशूळ, धनुर्वात आणि गोचिडांमुळे होणारा बॅबेसिओसिस यांच्याशी गल्लत होऊ शकते. बॅबेसिओसिसमध्येही लघवी लाल होते, पण सहसा ताप असतो. निदान रक्ततपासणीने पक्के होते : क्रिएटिन कायनेज हे विकर साधारण चार ते सहा तासांत उच्चांक गाठते, एएसटी हे दुसरे विकर सुमारे एका दिवसाने.

कारणे : बांधून ठेवलेला घोडा, भरपूर चंदी आणि मग एकदम काम, हे यातले सर्वांत ओळखीचे त्रिकूट आहे. रविवारी सुटी घेऊन पूर्ण दाणा खाल्लेले युरोपातील ओढकामाचे घोडे सोमवारी जुंपताच पडत. म्हणून तेथे याला सोमवारचा रोग म्हणत. आपल्याकडे वरातीच्या घोड्याचे वेळापत्रक याच घातक वळणाचे आहे. चातुर्मासात मुहूर्त नसल्याने तो आगाडी-पिछाडीत उभा राहतो आणि तुळशीच्या लग्नानंतर एका रात्रीत ताशांवर नाचवला जातो. धनगरांच्या वाड्यातले तट्टू मात्र बिऱ्हाड, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे पाठीवर घेऊन मजल दरमजल चालते. ही रोजची चाल स्नायूंना मानवते. तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यात बेलवाडी व इंदापूर येथे गोल रिंगण होते. अशा धावेसाठीही घोड्याला काही आठवडे आधीपासून हळूहळू तयार करावे लागते.

काही घोड्यांत दोष आनुवंशिक असतो. ग्लायकोजेन साठवणीच्या एका विकाराशी निगडित जीवायएस१ जनुकातील बदल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षार, सेलेनियम वा ई-जीवनसत्त्व यांची कमतरता, उन्हाळा आणि पाण्याची तूट यांनी झटका बळावतो. दूध व कुक्कुटपालनाच्या या पट्ट्यात आणखी एक धोका सांगायलाच हवा : गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असते. घोड्याच्या हृदयाला व स्नायूंना ते अत्यल्प मात्रेतही जीवघेणे ठरते. असे पोते घोड्याच्या तोबऱ्याजवळही नसावे.

उपचार : झटका आला की घोड्याला तिथेच थांबवावे. ‘चालवला की मोकळा होईल’ हा समज फार नुकसान करतो. खोगीर उतरवावे, पाणी द्यावे, सावली करावी आणि पशुवैद्याला बोलवावे. वेदनाशामक स्वतःहून टोचू नये. पाणी कमी झालेल्या घोड्यात त्याने मूत्रपिंडे बिघडतात. मोठ्या तपासण्यांसाठी शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय या भागाला जवळ आहे.

आहार व काम : दाणा, गूळ आणि बाजरीचा भरडा कमी करावा, पोट चाऱ्याने भरावे. तीनशे किलोच्या घोड्याला रोज साधारण साडेचार ते सहा किलो सुका चारा लागतो. उसाच्या हंगामात फुकट मिळणारे वाढे साखरेमुळे या रुग्णाला भरवशाचे नाही. ताकद हवीच असेल तर खाद्यतेल थोडे थोडे वाढवत द्यावे. सेलेनियम मोजूनच द्यावे, जास्त झाल्यास विषबाधा होते. सुटीच्या दिवशी चंदी घटवावी आणि फेरफटका चुकवू नये. जमल्यास दिवसभर मोकळ्या वावरात सोडावे.

वर्तन : पहिला नियम असा की वेदना नाही हे पाहिल्याशिवाय घोड्याला ऐबी ठरवू नये. तंग आवळताना कान मागे टाकणे, खरारा पुठ्ठ्यावर येताच पाय उचलणे या तक्रारी आहेत. वेदना गेल्यावरही घोडा आठवणीने बिचकतो, म्हणून तंग एकेक भोक आवळत, तो शांत राहिला की लगेच हात सैल सोडत शिकवावे. बक्षीस किंवा दटावणी क्षणभराने उशिरा झाली तरी त्याला तिचा संबंध लागत नाही. डुलत राहणे, लाकूड चावणे या सवयी एकट्या बांधून ठेवल्याने आणि कमी चाऱ्याने वाढतात. शेजारी दुसरा घोडा आणि सतत चघळायला कडबा असला की पुष्कळदा कमी होतात. काटेरी लगामाने केवळ तोंड फाटते. ओझे व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार तो निषिद्धही आहे.

पैदास : जीवायएस१ दोष प्रभावी स्वरूपाचा असल्याने एका पालकाकडूनही शिंगरात उतरतो. वारंवार झटके येणाऱ्या घोडीच्या केसांची मुळे जनुकीय तपासणीस पाठवून मगच तिला घोडा दाखवावा.